मावशींचं सुकं लाकूड

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी एका बाईंच्या जुन्या लाकडाच्या वखारीवर गेलो आणि चार सुतारांसमोर त्यांना खोटं पाडलं. ओलं लाकूड सुकं म्हणून मला विकलं, असं म्हणालो. तेवढ्यावर थांबलो नाही. खिशातून आमच्या कंपनीतला लाल टॅग काढला आणि त्यांच्या फळ्यांच्या थप्पीला तारेनं बांधला. लाकूड सुकंच होतं. चूक माझी होती, आणि तिचा पुरावा माझ्याच हस्ताक्षरात माझ्याच गच्चीवर पडलेला होता.

लाल टॅग म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. वाळूजच्या एका कारखान्यात मी बाहेरून येणारा माल तपासतो. आजूबाजूची छोटी वर्कशॉप सुटे भाग करून पाठवतात, मी ते मोजतो. माप बसलं तर हिरवा टॅग, नाही बसलं तर लाल. लाल लागलेला खोका ज्या टेम्पोतून आला त्याच टेम्पोतून परत जातो. टॅगवर एक रकाना असतो, दोष कुणाचा म्हणून. त्या रकान्यात मी इतकी वर्षं ‘सप्लायर’ हा एकच शब्द लिहीत आलो आहे की आता पेन आपोआप तिकडं वळतं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. म्हणूनच ती सवय वाईट.

गिटारचं वेड मला उशिरा लागलं. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची स्वस्तातली गिटार कपाटावर राहिली. उन्हाळ्यात तिचा ब्रिज, म्हणजे तारा ज्या पट्टीत अडकवतात ती पट्टी, उखडून आली. चिकटवू म्हणून खाली काढली, गोल भोकातून आत टॉर्च मारला आणि बघतच राहिलो. आतून पातळ पट्ट्यांची अशी मांडणी होती की जणू घराचं छत आतून पाहतो आहोत. एवढी पातळ फळी एवढ्या तारांचा ताण सोसते कशी, या एका प्रश्नावर माझे सहा महिने गेले. मग मला वाटलं, हे आपल्याला जमेल.

“चाळिशी उलटल्यावर माणसाला असं वाटायला लागलं की घरच्यांनी सावध व्हावं,” बायको म्हणाली. पण गच्चीवरची पत्र्याची खोली तिनंच रिकामी करून दिली. पापड-कुरडयांचे डबे तिनं स्वतः खाली नेले.

जमलंही. म्हणजे मान नीट बसली, पोट नीट वाकलं. पहिली गिटार प्लायवुडचं तोंड लावून पुरी केली. अडलं ते लाकडाशी. गिटारच्या तोंडाची फळी, जिच्यात ते गोल भोक असतं, ती थंड मुलखातल्या स्प्रूस नावाच्या झाडाची लागते. हलकी, ताठ, आणि अंगावर केसासारख्या जवळजवळ उभ्या रेषा. क्रांती चौकाजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात चौकशी केली. दुकानदारानं परदेशातून मागवायची किंमत सांगितली आणि माझा चेहरा पाहून म्हणाला, “साहेब, एवढ्यात तयार गिटार येते. वर कव्हर फुकट.”

मी घरी आलो. रिकाम्या हातानं.

लाकूड शेवटी कंपनीतच सापडलं. युरोपातून एक मोठं मशीन आलं होतं. मशीन आत गेलं, त्याची लाकडी पेटी बाहेर उन्हात पडली. जेवणाच्या सुट्टीत मी तिच्यापाशी बसलो होतो. बुडाला मशीनचं ओझं पेलणारा एक जाडजूड ओंडका होता. सहज बोटानं वाजवला. आवाज आला तो लाकडाचा नव्हता, घंटेचा होता. वाकून त्याचं तोंड पाहिलं. केसासारख्या रेषा, एकीला एक लागून. दुकानदारानं जे झाड सांगितलं होतं तेच हे, फक्त खिळे मारलेलं. माझ्या शहरात दर आठवड्याला हे लाकूड समुद्र ओलांडून येत होतं आणि आम्ही त्याला भंगार म्हणत होतो.

“या पेट्या जातात कुठं?” मी भंगार उचलणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं.

“मावशीकडं.”

“कोण मावशी?”

“लाकडाची मावशी. बजाजनगरच्या मागं.”

मी बजाजनगरमध्येच राहतो, आणि ही वखार मला माहीत नव्हती. मागच्या रस्त्याला, पत्र्याच्या कुंपणाआड. आत मशीनच्या पेट्या, पॅलेट, खेड्यांतून उतरवलेल्या चौकटी आणि दारं, एका कोपऱ्यात फळ्या कापायचा छोटा आरा. पत्र्याच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली पाण्याचा माठ. मावशी पंचावन्नच्या आसपासच्या, पदर कमरेला खोचलेला, हातात खिळे उपटायचा अंबूर.

“काय पायजे?”

“गिटार बनवायला लाकूड पाहिजे.”

“काय बनवायला?”

मी हातवारे करून वाजवून दाखवलं.

“आसं सांगा की. जयंतीला पार्टीवाले वाजवत्यात, ती.” त्यांनी मला वरून खाली पाहिलं. “ती लाकडाची आसती व्हय? मला वाटलं पलाष्टिकची.”

मी फळ्या वाजवत फिरू लागलो. प्रत्येकीला कान लावायचो, बोटानं टकटक करायचो. थोडा वेळ त्यांनी पाहिलं आणि मग म्हणाल्या, “साहेब, लाकूड घ्यायलात का दार वाजवायलात? आत कुणी नाय. या तसंच.”

तिथं चहा पीत बसलेले सुतार हसले. मीही हसलो. अशी आमची ओळख झाली.

मावशींबद्दल मला जे कळलं ते त्या सुतारांकडून. त्यांचे मालक आऱ्यावर काम करायचे. मावशी लग्न होऊन आल्या तेव्हापासून फळ्यांतले खिळे काढायच्या. मालक गेले तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, वखार विका, बाईमाणसाला लाकडातलं काय कळतंय. त्यांनी विकली नाही. सुतार आधी स्वस्त मिळतं म्हणून यायचे, पुढं त्यांच्या शब्दासाठी यायला लागले. दाराची चौकट ओल्या लाकडाची निघाली तर दोन महिन्यांत पिळते, दार लागत नाही, आणि घरमालक सुताराला पुन्हा बोलावून फुकट काम करून घेतो. म्हणून सुताराला लाकूड किती सुकलंय हे आधी कळावं लागतं. मावशींनी सुकं म्हटलं की सुकं. त्यांचा धंदा पेट्यांवर नव्हता, या एका शब्दावर होता.

आणि तो शब्द त्या कशा देत? फळी उचलून गालाला लावत. डोळे मिटत. मग सांगत.

“वलं लाकूड गार लागतंय,” त्यांनी मला समजावलं. “हाताला कळत नाय, हात राठ झालेत. गालाला कळतंय.”

मे महिन्यात त्यांनी मला तसाच एक ओंडका निवडून दिला. माझ्यासमोर आऱ्यावर धरून उभ्या रेषांच्या फळ्या पाडून दिल्या, एकेक गालाला लावली. “सुकं हाय,” म्हणाल्या. मी पैसे दिले, फळ्या स्कूटरला बांधल्या. निघताना त्यांनी विचारलं, “काम कवा धरनार?”

“जमेल तेव्हा. जुलै, ऑगस्ट.”

“पावसात धरू नका. दिवाळीनंतर धरा. लाकूड मेलं तरी त्याची तहान जात नाय, साहेब. पावसात पानी पितंय.”

मी मान हलवली. मोठ्या माणसांचं ऐकल्यासारखं करायची जी मान असते ती.

छावणीतल्या एका शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईंनी माझी पहिली गिटार कुठं तरी ऐकली होती. त्या रविवारी चर्चमध्येही गाणी बसवत. त्यांनी माझ्याकडून गिटार करून मागितली. माझ्या आयुष्यात मी केलेली वस्तू कुणी मागायची ही पहिली वेळ. नाताळच्या आत हवी होती. दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर हातात जेमतेम दीड महिना उरला असता, आणि माझं काम फक्त रविवारी चालायचं. ऑगस्टमध्ये गणपतीची रजा धरून मी काम सुरू केलं. गच्चीच्या भिंतीला ओल होती. स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटलं होतं; बायको बरणीत तांदळाचे दाणे टाकत होती. मी वर फळ्या जोडत होतो, मागून आडव्या पट्ट्या चिकटवत होतो, आणि शिट्टी वाजवत होतो.

डिसेंबरात गिटार दिली. शाळेच्या हॉलमध्ये बाईंनी ती मांडीवर घेतली, एकच तार छेडली आणि आवाज विरेपर्यंत कान तिच्याकडं झुकवून ठेवला. मग म्हणाल्या, “ही पेटीची आहे? खरंच?” मी हो म्हटलं. मशीनची पेटी, वाळूजची. त्या दिवशी मी घरी येताना चौकातून दोन किलो जिलेबी घेतली. आम्ही घरात दोनच माणसं.

एप्रिलमध्ये त्या संगीताच्या बाईंचा फोन आला. “सर, दुपारी घरात मोठा आवाज झाला. मला वाटलं मांजरानं काही पाडलं. जाऊन पाहते तर गिटार.”

मी जाऊन पाहिलं. तोंडाच्या फळीला ब्रिजपासून खालपर्यंत चीर. उघड, सरळ, रेषेला धरून. नख आत जाईल एवढी. बाई चिडल्या नव्हत्या, आणि त्यानं मला जास्त लाज वाटली. “लाकूड ओलं मिळालं,” मी म्हणालो. विचार न करता म्हणालो. पेन जसं त्या रकान्याकडं वळतं, तसं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. वखारीवर रविवारी सकाळी सुतार जमतात, कारण शनिवारी कंपन्यांचा माल उतरतो. चौघं होते. त्यातले एक म्हातारे मिस्त्री, जे सगळ्यांना हसवत असत. दुसरे चौकटी करणारे, रांजणगावचे, मावशींचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. मावशी त्यांच्यासाठीच एक फळी गालाला लावून उभ्या होत्या.

“मावशी, ते नाटक राहू द्या,” मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. “काय झालं, साहेब?”

“गिटार फुटली. तुम्ही ओलं लाकूड दिलं.”

“नाय. सुकं दिलं व्हतं.”

“मग फुटली कशी? सुकं लाकूड फुटतं?”

“तुमी काम कवा धरलं?”

या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. आज मला तो क्षण सगळ्यात जास्त आठवतो. त्यांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलं होतं, आणि मी आवाज चढवला. “ओलं लाकूड विकायचं आणि वर गालाला लावून दाखवायचं. चार लोकांना फसवायची चांगली युक्ती आहे ही.” मग टॅग काढला. तो माझ्या शर्टाच्या खिशात असतोच. त्यावर पेनानं ‘सप्लायर’ लिहिलं आणि बांधला.

म्हातारे मिस्त्री हसले. “क्या मावशी, कंपनी का माल रिजेक्ट हो गया तुम्हारा.”

बाकीचेही हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, ते कशावरही हसत. पण चौकटवाले मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मावशींच्या हातातली फळी पाहिली, आणि “पुढच्या खेपेला बघू” म्हणून मोटरसायकलला किक मारली. मावशींनी हातातली फळी खाली ठेवली. पुढं आल्या, तार सोडवली, टॅग खाली टाकला आणि खिळे उपटायला बसल्या.

मी घरी आलो तेव्हा मला बरं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटत होतं.

मे महिन्यात चीर दुरुस्त करायला म्हणून मी त्याच ओंडक्याचा उरलेला तुकडा शोधत होतो. सापडला. हातभर लांबीचा, कशालाही न चिकटवलेला, नुसता गच्चीवरच्या खोलीतल्या फळीवर पडून राहिलेला. त्यावर पेन्सिलनं दोन आकडे होते. माझीच सवय. हातात येईल ते व्हर्नियरनं मोजायचं आणि त्यावरच लिहून ठेवायचं. गेल्या वर्षी मे महिन्यात आणलं त्या दिवशीची रुंदी ११२.४ मिलिमीटर. ऑगस्टमध्ये काम धरलं त्या दिवशीची ११३.८. मी व्हर्नियर लावला. ११२.४.

मी खाली बसलो. पुन्हा मोजलं. तीन ठिकाणी मोजलं.

तुकडा मावशींकडून आला तेव्हा जेवढा होता तेवढाच आज, भर उन्हाळ्यात होता. म्हणजे तो सुकाच आला होता. पावसात माझ्या ओल्या खोलीत तो फुगला, आणि त्याच्याच भावंडफळ्या मी फुगलेल्या असताना आडव्या पट्ट्यांना घट्ट चिकटवल्या. उन्हाळा आला तेव्हा त्यांना मूळच्या मापाला परत जायचं होतं. पट्ट्यांनी जाऊ दिलं नाही. मग त्या फुटल्या. आकडे मी स्वतः लिहिले होते आणि शेजारी शेजारी ठेवून एकदाही वाचले नव्हते. कंपनीत माझ्या हाताखालच्या माणसानं हे केलं असतं तर मी त्याला उभ्यानं झापलं असतं.

आता वाटेल, त्याच संध्याकाळी मी वखारीवर गेलो असेन. नाही गेलो. कामावर जायचा रस्ता बदलला. वखारीवरून जाणारा सोडला आणि लांबचा धरला. स्वतःला सांगत राहिलो की मावशी विसरल्या असतील, त्यांना असल्या गिऱ्हाइकांची सवय असेल. आणि एक प्रश्न टाळत राहिलो. शहरातल्या मोठ्या वखारीत, गादीवर बसलेल्या शेठजींच्या थप्पीला मी तो टॅग बांधला असता का? नसता बांधला. बाहेर जाऊन फोनवर बोललो असतो, पत्र लिहिलं असतं. आमच्या गावी कुणाच्या दारात आवाज चढवायचा आणि कुणाच्या नाही, हे कुणी शिकवत नाही. पोरं ते आपोआप शिकतात. मी शिकलो होतो. गाव सोडून पंचवीस वर्षं झाली तरी ते माझ्यासोबत आलं होतं, आणि मला वाटत होतं मी फक्त लाकडाबद्दल बोललो.

गिटार मात्र नीट झाली. भर मे महिन्यात, हवा कोरडी ठणठणीत असताना, त्या तुकड्याची सुतळीएवढी पट्टी तासून मी चिरेत बसवली. छावणीत नेऊन दिली. बाईंनी वाजवून पाहिली. म्हणाल्या, आवाज आधीपेक्षा मोकळा झालाय. झाला होता. मला राहवलं नाही, मी त्यांना खरं सांगितलं. लाकूड ओलं नव्हतं, मी पावसात काम केलं.

“बरं झालं कळलं,” त्या म्हणाल्या. “पुढची नीट होईल. आणि त्या लाकडाच्या बाईंना सांगितलं ना?”

“हो,” मी म्हणालो.

माफी मागायच्या भानगडीतलं हे माझं नवं खोटं.

पावसाळा तसाच गेला. ऑक्टोबरात ते भंगारचे ड्रायव्हर भेटले. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, मावशी कशा आहेत. “हायेत,” ते म्हणाले. “पण चौकटवाले मिस्त्री आता शहरातून माल आनत्यात. त्यांच्या मागं आनखी दोघं गेले. पोरं चिडवत्यात ना मावशीला, गाल लावून द्या म्हणून. आता त्या गालाला लावतच नाय फळी. नुसती देत्यात.”

मी दिवसभर कामात होतो आणि दिवसभर तेच ऐकू येत होतं. नुसती देत्यात.

बायकोला त्या दिवशी सगळं सांगितलं, टॅगसकट. ती भाजी निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “मग इथं काय बसलात?”

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, दुपारी, कुणी नसताना मी वखारीवर गेलो. कुणी नसताना, हे मी ठरवूनच गेलो होतो. पिशवीत तो तुकडा होता. मावशींना आकडे दाखवले, मे, ऑगस्ट, पुन्हा मे. सगळं नीट समजावून सांगितलं. शेवटी म्हणालो, “मावशी, चूक माझी होती.”

त्यांनी तुकडा उलटसुलट पाहिला. वासही घेतला.

“ह्ये मला ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “त्याच दिवशी ठाव व्हतं. ह्या आकड्यांचं मी काय करू?”

“मी माफी मागायला आलोय.”

“मंगळवारी?”

मी रिकामी पिशवी दुमडायला लागलो.

“बोललात तवा चार मानसं व्हती, साहेब. आता मी आन् तुमी. इथं माफी मागितली तर ती इथंच ऱ्हायली की. तुमाला बरं वाटंल, घरी जाऊन झोप लागंल. पर उद्या कुणी फळी न्यायला येनार हाय का?” त्या रागावल्या नव्हत्या. धंद्यातली गोष्ट सांगावी तसं सांगत होत्या. “तुमच्या मनावरचं वझं उतरवायला आलात. माझं तसंच हाय.”

मग त्यांनी मला पाणी दिलं. जाताना म्हणाल्या, “आता नवी करायची आसंल तर हीच येळ हाय. ह्या महिन्यात पेट्या चांगल्या यायल्यात.” मी रस्त्यावर येऊन स्कूटर सुरू केली. दार बंद झालं नव्हतं. काय करायचं तेही त्यांनीच सांगून टाकलं होतं.

चार माणसं गोळा करणं सोपं नव्हतं. म्हातारे मिस्त्री रविवारी येतच होते. त्यांना घरी जाऊन भेटलो. ते म्हणाले, “साब, इतनी बात के लिए? मैं तो मजाक किया था.” मी म्हणालो, तुम्ही मस्करी केली, मी नाही केली. यायचं कबूल करा. त्यांनी केलं, आणि आणखी एकाला मीच आणतो म्हणाले. तिसऱ्यांना फोन केला. चौकटवाले मिस्त्री राहिले. ते एका नव्या बंगल्यावर दारं बसवत होते. दोन वेळा गेलो तर ते निघून गेलेले. तिसऱ्या वेळी भेटले, दाराच्या बिजागरीत स्क्रू फिरवताना.

“येत्या रविवारी वखारीवर याल का?”

“कशाला?”

“मला माफी मागायचीय.”

“माजी?” त्यांनी स्क्रूड्रायव्हर थांबवला. “माजं काय केलं तुमी?”

“तुमची नाही. मावशींची. तुमच्यासमोर.”

त्यांनी ते दार एकदा उघडलं, एकदा लावलं. तळाशी थोडं घासत होतं. “शहरातनं आनलेला माल,” ते तोंड वाकडं करून म्हणाले. “दीड महिना झाला, पिळायला लागला.” मग म्हणाले, “येतो.”

रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. मावशींनी मला पाहिलं आणि खिळे काढत राहिल्या. एकेक जण आला. चहा आला. शनिवारचा माल उतरलेला होता, कोपऱ्यात आऱ्यावर कामगार फळ्या पाडत होता. चौकटवाले मिस्त्री सगळ्यात शेवटी आले आणि गाडीवरून न उतरताच थांबले. मी कप खाली ठेवून उभा राहिलो. रोज कंपनीत वीस माणसांसमोर सप्लायरला जाब विचारणारा मी, आणि इथं खाली बघत पुटपुटत होतो. 

“जोर से बोलो, साब,” म्हातारे मिस्त्री कानाला हात लावून ओरडले. “आरा चालू है, कुछ सुनाई नहीं देता.”

कुणी हसलं नाही. मावशी उठल्या. आऱ्यापाशी गेल्या आणि बटण बंद केलं. पातं हळूहळू थांबलं. त्या तिथंच, आऱ्यावर हात टेकवून, माझ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

“एप्रिलमध्ये मी इथं उभा राहून म्हणालो होतो, मावशींनी मला ओलं लाकूड सुकं म्हणून विकलं,” मी म्हणालो. “ते खोटं होतं. लाकूड सुकं होतं. पावसात काम धरू नका, हेही त्यांनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. भर पावसात काम केलं म्हणून माझी गिटार फुटली. काम कधी धरलं, असं त्यांनी मला त्या दिवशी तुमच्यासमोर विचारलं, आणि मी उत्तर न देता आवाज चढवला. मोठ्या वखारीत मी असा बोललो नसतो. इथं बोललो. मावशी, तुमचं लाकूड सुकं होतं आणि तुमचा शब्द खरा होता. मी खोटा ठरवला. माझं चुकलं. मला माफ करा.”